रडीचा डाव

आमच्या चाळीत लहानपणी खेळाचे काही कायदे होते. ते कुणी लिहून ठेवले नव्हते, पण लिहिलेल्या कायद्यांपेक्षा जास्त पाळले जात. गोट्या खेळताना वीत सरकवली तर तीन डाव बाहेर. विटीदांडूत माप मोजताना दांडू पुढे ढकलला तर आठवडाभर बाहेर. क्रिकेटमध्ये 'मी आऊट नव्हतोच' असं म्हणत कुणी बॅट काखेत मारून घरी गेला, तर मात्र बॅट कुणाची हे आधी बघायचं. बॅट त्याचीच असेल तर संध्याकाळी त्याला बोलवायला आम्ही दोघेजण जात असू. या शेवटच्या कलमामुळे पुढे बँकेत नोकरीला लागल्यावर मला व्यवहारज्ञान वेगळं शिकावं लागलं नाही.

पण बॅटवाला असो की बिनबॅटवाला, जो लबाडी करी त्याच्या नावानं 'रडीचा डाव खडी' हा घोष जिन्यापासून नळापर्यंत होई. मग त्याची आई गॅलरीत येऊन विचारी, "काय केलंस रे?" एवढ्या एका प्रश्नात पोलीस, कोर्ट आणि तुरुंग तिन्ही आले.

हे सगळं आता आठवायचं कारण आमचा भाचा चिन्मय. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे रात्री जागा असतो. कॉलेज जवळ पडतं म्हणून जूनपासून आमच्याकडे डोंबिवलीला राहतो. एका रात्री साडेअकराला त्याच्या खोलीतून आरोळी आली, "मारलं! भिंतीतून मारलं मला!" ही लाटणं घेऊन धावली. मी छत्री घेतली. छत्री का घेतली ते मला अजून कळलेलं नाही. आत चिरंजीव मोबाइल हातात धरून बसलेले.

"अरे, कोण मेलं?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला.

"कुणी मारलं?"

"हॅकरनं. मी भिंतीमागे होतो मामा. त्याला मी दिसणंच शक्य नव्हतं."

हिनं लाटणं खाली केलं आणि "दूध पिऊन झोप" असा निकाल देऊन ती निघून गेली. मी मात्र बसलो. भिंतीमागचा माणूस दिसतो कसा, हा प्रश्न मला आयुष्यभर शेजाऱ्यांच्या बाबतीत पडत आलेला आहे.

चिन्मयनं मला जे समजावलं ते असं. शंभरेक माणसं विमानातून एका बेटावर उतरतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. हाच तो पबजी. २०२० साली सरकारनं तो बंद केला आणि २०२१ साली तो भारताचं नाव लावून परत आला. आता हे शंभर जण शंभर गावांत आपापल्या खाटेवर पडलेले असतात. कोण कुठं लपलाय हे खरं तर फक्त कंपनीच्या मोठ्या संगणकाला ठाऊक. पण समोरचा भिंतीआडून बाहेर आला रे आला की तो तुमच्या पडद्यावर तत्क्षणी दिसायला हवा, म्हणून त्याचा ठावठिकाणा तुमच्या यंत्राकडे आधीच पाठवून ठेवलेला असतो. तो तुम्हाला दाखवायचा नाही, एवढाच करार. म्हणजे मास्तरांनी दहावीचा पेपर घरच्या कपाटात ठेवावा आणि त्याच घरातला मुलगा दहावीला असावा, तसा प्रकार. बहुतेक मुलं कपाटाला हात लावत नाहीत. काही लावतात. या कपाट उघडण्याला 'वॉलहॅक' म्हणतात.

दुसरा प्रकार 'एमबॉट'. यात नेम तुम्ही धरायचा नाही, यंत्र धरतं. तिसरा प्रकार 'स्क्रिप्ट', म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या सूचना: समोरच्यानं अमुक केलं की तमुक कर. माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. स्क्रिप्टला डोळा नाही आणि बोटही नाही, त्यामुळे तिला तो पाव सेकंद लागत नाही.

"मग याचा राग येत नाही तुला?" मी विचारलं.

"येतो ना. पण सगळेच करतात मामा. मीपण घेतलं असतं, पण त्याला महिन्याला पैसे पडतात."

इथं माझी छत्री पुन्हा उचलली गेली.

ही मंडळी लबाडी विकत घेतात, तीही मासिक हप्त्यानं! आमच्या वेळी लबाडी निदान घरगुती होती. मार्च २०२१ मध्ये चीनमधल्या कुनशानच्या पोलिसांनी अशी लबाडी विकणारी एक टोळी पकडली. दहा जणांना अटक झाली आणि सतरा प्रकारचा माल नष्ट करण्यात आला. टोळीचं नाव काय, तर 'कोंबडीची तंगडी'! गिऱ्हाईक जगभर पसरलेलं, आणि रोजचा दर वेगळा, महिन्याचा वेगळा. आमच्याकडे दूधवाल्याचासुद्धा एवढा चोख हिशेब नसतो.

आता 'सगळेच करतात' या वाक्याकडे येऊ. हे वाक्य मी लोकलच्या फुकट्या प्रवाशांकडून ऐकलंय, वीजमीटरला चुंबक लावणाऱ्यांकडून ऐकलंय आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडून तर सर्वसाधारण सभेत ऐकलंय. ते कधीच खरं नसतं. सगळेच करत असते तर करण्यात फायदाच उरला नसता. रांग मोडणाऱ्याला बाकीची रांग सरळ असावी लागते. सगळ्यांनी भिंतीपलीकडे पाहायचं ठरवलं तर भिंत कशाला बांधायची? लबाडाला प्रामाणिक माणसांची जेवढी गरज असते तेवढी प्रामाणिक माणसांनाही एकमेकांची नसते.

दुसरं समर्थन असं की, "खेळच तर आहे, त्यात काय एवढं?" माझं म्हणणं, खेळ आहे म्हणूनच तर! पोटासाठी पाव चोरणाऱ्याची बाजू मी समजू शकतो, कारण पाव चोरीचा असला तरी पोट भरतं. खेळात जिंकून पोट भरत नाही. खेळात नियमाखेरीज दुसरं असतं काय? लगोरी म्हणजे सात फुटके दगड. त्यांना किंमत येते ती 'चेंडू लागला तर बाद' हे आपण मान्य केल्यामुळे. नियम काढून घेतला की हातात फुटके दगड उरतात. ते कितीही रचा.

तुम्ही म्हणाल, जिथं बक्षिसाच्या रकमा असतात तिथं पोटही भरतं. कबूल. मग ऑक्टोबर २०१८ मधली शांघायची गोष्ट ऐका. 'काउंटर-स्ट्राइक' या खेळाची आशियाई स्पर्धा होती आणि आपला एक भारतीय संघ तिथवर पोचला होता. ऐन सामन्यात आपल्या एका खेळाडूच्या संगणकावर पंचांना नेम धरून देणारी फाइल सापडली. तिला त्यानं नाव काय द्यावं? 'वर्ड डॉट ईएक्सई'. म्हणजे चारचौघे गोळ्या झाडताहेत आणि हा जणू रजेचा अर्ज टाइप करतोय! पंच संगणकापाशी आले तेव्हा त्यानं ती पुसायची धडपडही केली. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच्याबरोबर आणखी चौघं होते. त्यांच्या संगणकावर 'वर्ड' नव्हतं की 'एक्सेल' नव्हतं. तरी सामना गेला, स्पर्धा गेली आणि मालक कंपनीनं सगळा संघच मोडून टाकला. त्या चौघांच्या आयांनी गॅलरीत येऊन काय विचारायचं?

लबाडांना पकडायच्या युक्त्याही तेवढ्याच रंगतदार आहेत. 'डोटा २' हा पाचाविरुद्ध पाच असा खेळ आहे. त्याच्या कंपनीनं एकदा खेळात माहितीचा असा एक कोपरा तयार केला की, सरळ खेळणाऱ्याच्या यंत्राला तिथं जायचं कारणच पडू नये. तिथं डोकावणार फक्त लबाडीचं यंत्र. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की, या सापळ्यात सापडलेली चाळीस हजारांवर खाती बंद केली आहेत. आमची आजी लाडवाचा डबा मुद्दाम खालच्या फळीवर ठेवून मुंग्या कुठून येतात ते बघत असे, तीच ही विद्या.

पण प्रत्येक वेळी डबा पुरत नाही. म्हणून काही खेळांबरोबर आता राखणदार येतो. २०२० साली 'व्हॅलोरंट' या खेळाबरोबर जो आला तो संगणक चालू होताच जागा होतो आणि यंत्राच्या अगदी गाभ्यात बसतो. खेळा वा न खेळा, तो बसलेलाच. चिन्मयच्या संगणकातही आहे. मी म्हटलं, "अरे, कुलूप-किल्ली देऊन परका माणूस माजघरात बसवलास?" तो म्हणाला, "त्याशिवाय खेळूच देत नाहीत." म्हणजे चोरी करणारा भलतीकडे, आणि झडती रोज माझ्या भाच्याची. कंपन्याही काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. पैसे मोजा आणि भारी पोशाख घ्या, पैसे मोजा आणि भारी बंदूक घ्या, हा त्यांचाच बाजार. पण राखणदार घरात घ्यायची वेळ आपल्यावर आणली ती लबाडांनी. दुकानदार महाग विकतो म्हणून आपण ग्राहकाचा खिसा कापत नाही.

आणि याहून मोठं नुकसान तर मोजताच येत नाही. हल्ली कुणी चांगला खेळला की चिन्मय आधी 'हॅकर!' म्हणून ओरडतो. ज्यानं त्याला भिंतीतून मारलं तो खरोखर लबाड होता की एखादा कान टवकारून पावलं ऐकणारा गुणी मुलगा होता, हे आता कळायला मार्ग नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हेच बुद्धिबळात झालं. एका १९ वर्षांच्या अमेरिकन खेळाडूनं विश्वविजेत्या मॅग्नस कार्लसनला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी कार्लसन स्पर्धा सोडून निघून गेला. त्या पोरानं कबूल केलं की, बाराव्या आणि सोळाव्या वर्षी आपण ऑनलाइन लबाडी केली होती, पण पटासमोर बसून कधीच नाही. पटावरच्या त्या डावात लबाडी झाल्याचा पुरावा काही मिळाला नाही. तरी शंका जायची ती गेली नाहीच. खोटा डाव एकदा खेळला की खरा डाव खरा आहे हे सांगायला साक्षीदार मिळत नाही.

बुद्धिबळाचा विषय निघालाच आहे, तर आता छत्री खाली ठेवून बोलतो.

१९९७ साली 'डीप ब्लू' या यंत्रानं विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा ते यंत्र कपाटाएवढं होतं. आज त्याहून तयारीचं यंत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात असतं आणि मी त्यावर पंचांग बघतो. मोह होतो तो इथं. २०१९ साली स्ट्रासबर्गच्या स्पर्धेत ५८ वर्षांचा एक ग्रँडमास्टर संडासात मोबाइलसह सापडला. जून २०२१ मध्ये कोविडग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी ऑनलाइन खेळला. त्यात एक तरुण उद्योजक आनंदला चक्क हरवून बसला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं कबूल केलं की, संगणकाची आणि जाणकारांची मदत घेतली होती. आनंदला! दानधर्माच्या सामन्यात! तेव्हा मी पेपर आपटून म्हणालो होतो, "लाज नाही वाटत?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणाला?" मी म्हटलं, "तुला नाही, आनंदला हरवणाऱ्याला." असा मी कडक माणूस. आता पुढचं ऐका.

माझा मित्र वामन. चाळीतला. तो बदली होऊन बडोद्याला गेला आणि तिथलाच झाला. १९८४ पासून आम्ही पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळत असू. एका कार्डावर एक चाल. एका डावाला दीड-दीड वर्ष लागे. आमचा पोस्टमन कार्ड देताना म्हणायचा, "साहेब, हत्ती सांभाळा." त्या काळी कुणालाही विचारून चाल लिहिता आली असती. आमच्या शाखेचे मॅनेजर जिल्ह्यात खेळलेले होते. पण कधी विचारावंसं वाटलं नाही. वाम्याला पत्र लिहायचं ते मॅनेजरला विचारून कसं लिहिणार?

पोस्टकार्डं गेली, मोबाइल आले. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून वाम्या फोनवर बोलत नाही. म्हणजे 'बरा आहे', 'जेवलो' एवढंच. पण दर गुरुवारी रात्री नऊला त्याचा निरोप येतो, "आहेस का?" मी लिहितो, "आहे." मग अर्ध्या-अर्ध्या तासाचा एक डाव. तो उंट कसा काढतो, कुठं घुटमळतो, यावरून त्याचा आठवडा कसा गेला ते मला समजतं. एखाद्या गुरुवारी पाचव्या चालीलाच चार मिनिटं घालवतो. मी काही विचारत नाही. माझीही चाल सावकाश करतो.

गेल्या पावसाळ्यात मी त्याच्याशी सलग अकरा डाव हरलो. बाराव्यातही राजा उघडा पडला होता. चिन्मय मागून बघत होता. म्हणाला, "मामा, एकदा इंजिनला विचार ना. गंमत." मी म्हणालो, "छट!" आणि फोन त्याच्या हातात दिला. 'छट' म्हणणारं तोंड आणि फोन देणारा हात एकाच माणसाचे होते, हे मी नोंदवून ठेवतो.

यंत्र म्हणालं, घोडा मागे घ्या. थेट जिथून निघाला त्या घरात. मला ती चाल शंभर वर्षांत सुचली नसती. मी घोडा मागे घेतला. मग पुढच्याही चाली विचारल्या, कारण मागे घेतलेल्या घोड्याचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. बारा चालींत वाम्यानं डाव सोडला. त्यानं लिहिलं, "वा." बस्स, एवढंच.

मला झोप लागली नाही. जिंकल्याचा आनंद कुठं आहे म्हणून मी अंथरुणात शोधत होतो, तो सापडेना. डाव यंत्रानं जिंकला होता आणि यंत्र चार्जिंगला लावलेलं होतं.

पुढच्या गुरुवारी नऊ वाजले. निरोप नाही. साडेनऊ झाले. ही म्हणाली, "झोपला असेल." त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. तिसऱ्या गुरुवारी मी आठ वाजताच फोन केला. चाळीतल्या आया विचारत तो प्रश्न स्वतःच स्वतःला विचारून ठेवला होता. एका दमात सगळं सांगून टाकलं.

बडोद्याला थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग वाम्या म्हणाला, "ठाऊक आहे मला. घोडा मागे गेला तेव्हाच कळलं. अरे, चाळीस वर्षांत तू घोडा मागे नेलेला मी पाहिला नाही. पुढे घालतोस आणि मारून घेतोस. तुझा स्वभावच तो."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस? शिव्या घालायच्या होत्यास. आणि नंतर आलाच नाहीस."

"कुणाशी खेळायला येऊ?" वाम्या म्हणाला. "घरात यंत्रं आहेत रे माझ्या. मुलानं तीन आणून ठेवलीत. गुरुवारी मला माणूस लागतो."

यावर मला उत्तर सुचलं नाही. यंत्राला विचारून सुचलं असतं, पण आता धीर नव्हता.

म्हणून आता चिन्मयच्या पिढीला आणि तिला हप्त्यानं माल पुरवणाऱ्या तंगडीवाल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. बाबांनो, तुम्ही समोरच्याला हरवत नाही. तुम्ही त्याला एकट्याला टाकून निघून जाता. तो बिचारा आपली अक्कल, आपली घाई, आपली भीती घेऊन खेळायला आलेला असतो आणि तुमच्या खुर्चीवर कुणी बसलेलंच नसतं. वीत सरकवणारा आमचा रड्या शंभर पटींनी बरा. तो लबाड होता, पण हजर होता. शकुनीसुद्धा फासे टाकायला स्वतः बसला होता.

चिन्मयला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "पण मामा, इंजिनला तूच विचारलंस." मी म्हटलं, "म्हणूनच सांगतोय. ज्यानं केलं नाही त्याला यातलं काय कळणार?" त्याला हे पटलं की नाही माहीत नाही. पण परवा रात्री तो मेला तेव्हा 'हॅकर' म्हणून ओरडला नाही. "चांगला मारला यार" असं पुटपुटला. हिनं लाटणं तरी उशाशी ठेवलेलं आहे.

वाम्यानं चाळीच्या कायद्यानं शिक्षा दिली: दहा डाव काळी मोहरी माझ्याकडे, आणि हरलो तरी फेरडाव नाही. काल त्यातला पहिला गुरुवार होता. फोन खिशातून काढून समोर ठेवला, चिन्मयला खोलीबाहेर घालवलं आणि सहाव्या चालीला घोडा पुढे घातला. नवव्या चालीला तो मेला.

बडोद्याहून लगेच निरोप आला, "आलास."